ओदिलच्या गायीची होडी

पाण्याला आग लावायची वेळ आली की ओदिल मुआनार बोलणं थांबवते. होडी कडेला घेते, लांब दांडा गाळात खुपसून ढवळते आणि वर येणाऱ्या बुडबुड्यांजवळ लायटर धरते. निळसर ज्योत पाण्यावर पसरते, क्षणभर थरथरते आणि विझते. होडीतले पाहुणे ओरडतात. गाळातला वायू आहे, एवढंच ती सांगते. मग कोणीतरी हमखास विचारतं, "मादाम, इथे गायीसुद्धा होडीतून नेतात म्हणे. खरं का?"

"खरं," ओदिल म्हणते.

गेली काही वर्षं हे 'खरं' एकट्या बारोनच्या जिवावर उभं होतं. बारोन ही ओदिलची म्हातारी गाय. नोव्हेंबरात ती गोठ्यात बसली ती पुन्हा उठली नाही.

आमच्या सें-फ्रेन्यो गावात रस्ता एकच आहे, बाकी सगळं पाणी. पाच मठांच्या महंतांनी मिळून दलदलीत पहिला कालवा खणला त्याला आठशे वर्षं होऊन गेली. त्यानंतर प्रत्येक पिढीने आपापल्या सोयीने त्यात भर घातली. उन्हाळ्यात टिकलीएवढ्या पानांचा हिरवा थर पाण्यावर असा पसरतो की नवख्या माणसाला ती हिरवळ वाटते. दर वर्षी एखादा पाहुणा तिच्यावर पाय ठेवतोच. होडी गेली की हिरव्यात काळी वाट उमटते आणि वळून बघेपर्यंत मिटून जाते.

ओदिलचा जन्म तीन बाजूंनी पाणी असलेल्या घरातला. शाळेत ती होडीने गेली, लग्नालाही होडीने. नवरा मार्सियाल दुग्धसंघात कामाला होता. त्याला पाणी आवडत नसे. चाळीस वर्षं तो खिडकीतून त्याच्याकडे संशयाने बघत राहिला आणि शेवटी कोरड्या जमिनीवर, बागेत वाटाणे तोडताना गेला. हे ओदिल पाहुण्यांना सांगत नाही. ती त्यांना कालवे सांगते, पाणमांजरं सांगते, अॅशच्या झाडांना पडलेला रोग सांगते. सत्तरी ओलांडली तरी तिचा दांडा पाण्यात आवाज न करता जातो. धक्क्यावरच्या होड्यांची व्यवस्था बघणारी नादेज म्हणते की ओदिलच्या होडीत अर्धे पाहुणे झोपतात आणि उतरल्यावर तेच जास्त टिप देतात.

प्रश्न होता तो पाणमांजराच्या कुरणाचा. हे कुरण म्हणजे चारही बाजूंनी कालवे असलेलं एक बेट. पूल नाही. गाय पोहून जाऊ शकते, पण काठ चिखलाचे आणि उभे आहेत. बारोनची आई एकदा पोटापर्यंत रुतली होती, तिला काढायला अर्धं गाव लागलं. म्हणून गायी होडीतून न्यायच्या, वसंतात सोडायच्या आणि शरदात परत आणायच्या. बारोन पुढे चढली की बाकीच्या, होत्या तोवर, पुढच्या खेपांना मुकाट्याने चढत. दुसऱ्या घरांनी हे कधीच सोडून दिलं. त्यांच्या कुरणांवर आता पॉप्लरची झाडं सरळ रांगांत उभी आहेत.

पाणमांजराचं कुरण आजोबांनी दोन मुलांना मिळून ठेवलं होतं. एका मुलाची ओदिल, दुसऱ्याचा गाएताँ. गाएताँ निओर शहरात विमा कंपनीत आहे. ओदिलपेक्षा बारा वर्षांनी लहान, त्यामुळे ती त्याला अजून बाळा म्हणते आणि तो चिडला की तिला बाईसाहेब म्हणतो. ईस्टरच्या रविवारी तो तिच्याकडे जेवायला आला. मटण आणि पांढऱ्या शेंगदाण्यांसारखे दिसणारे आमच्याकडचे घेवड्याचे दाणे झाल्यावर त्याने विषय काढला.

"लाकडाचा व्यापारी आला होता. कुरणावर पॉप्लर लावायला तयार आहे. मेच्या पहिल्या सोमवारी त्याला उत्तर द्यायचंय."

"नाही म्हण."

"का म्हणू? बारोन गेली. आता तिकडे कोण जाणार? तू पोहत जाऊन गवत खाणार का?"

"सरीझ जाईल."

"सरीझ!" गाएताँने चमचा खाली ठेवला. "डबक्यात पाय घाल म्हटलं तर शेपूट वर करून पळते ती."

"चल, दाखवते."

तिने त्याला गोठ्यात नेलं. सरीझ ही बारोनची नात, आमच्या भागातल्या गायींसारखीच तांबूस आणि डोळ्यांना काजळ घातल्यासारखी. गोठ्याच्या मधोमध गायींची रुंद, सपाट बुडाची जुनी होडी ठेवलेली होती. होडीत पेंढा होता, पेंढ्यावर सरीझ पाय दुमडून बसली होती आणि अर्धे डोळे मिटून रवंथ करत होती.

गाएताँने होडीभोवती एक फेरी मारली.

"पूर येणारे का?" त्याने विचारलं.

"डिसेंबरपासून होडी इथेच आहे. वैरण होडीत, मीठ होडीत, झोप होडीत. आता तिला होडीची भीती नाही."

"काका असं करायचे?"

"करायचे. नवी कालवड असली की दोन-तीन दिवस होडी अंगणात ठेवायचे."

"आणि तू पाच महिने."

"ही जास्त भित्री आहे."

गाएताँ हसला. तो वाईट माणूस नाही. कुरण वापरात नसलं की काटेरी झुडपं वाढतात, काठ ढासळतात आणि मग पालिकेचं पत्र त्याच्या पत्त्यावर येतं. रिकामी जमीन त्याला बघवत नाही. त्याने तिथेच गोठ्यात सौदा ठरवला.

"मेच्या पहिल्या रविवारी मी येतो. गाय कुरणावर चरताना मला दिसली, तर त्या माणसाला नाही म्हणेन. नाही दिसली तर तू पॉप्लरच्या कागदावर सही करायची. आणि रडायचं नाही."

"मला वेळ कुठे असतो रडायला," ओदिल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर नादेजला हे कळलं. कसं कळलं ते सांगायची गरज नाही, पाण्यावर आवाज लांब जातो.

"आणि नाही गेली गाय तर?" नादेजने विचारलं.

"तर पाहुण्यांना गायींचं मी सांगणार नाही. तू सांग."

"मला तर लोक आधीच खोटारडी समजतात."

"म्हणूनच. तुला सवय आहे."

ती थट्टा करत होती, पण त्या आठवड्यात एका पाहुण्याने गायींचं विचारलं तेव्हा ओदिल नेहमीसारखं 'खरं' म्हणाली नाही. तिने ऐकू न आल्यासारखं केलं आणि होडी पुढे नेली. नादेजच्या ते लक्षात आलं.

एप्रिलच्या शेवटी ओदिलने होडी गोठ्यातून काढली. इतके महिने कोरड्यात राहिलेलं लाकूड आकसतं, फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडतात. त्यावर आमच्याकडे एकच उपाय आहे, होडी बुडवायची. बुडाला एक भोक असतं आणि त्यात ओकच्या लाकडाचं बूच. बूच काढलं की होडी शांतपणे खाली बसते. आठवडाभर पाण्याखाली राहिली की लाकूड फुगतं आणि फटी मिटतात. ओदिलने घरामागच्या उथळ पाण्यात होडी बुडवली.

सरीझ त्या दिवसापासून काठावर जाऊन उभी राहू लागली. हिरव्या पाण्याखाली होडीची अंधूक आकृती दिसत होती. ती तिच्याकडे बघून हंबरायची. संध्याकाळी गोठ्यात यायला तयार नसायची आणि आली तरी उभीच असायची. फरशीवर तिला बसवेना.

"बघ," ओदिल नादेजला म्हणाली, "होडीसाठी जीव टाकतेय."

"मला नाही हे चांगलं लक्षण वाटत," नादेज म्हणाली.

"तुला गायींतलं काय कळतं?"

"गायींतलं नाही. माझा दुसरा नवरा असाच गाडीकडे बघायचा."

ठरलेल्या रविवारी सकाळी धुकं होतं. गाएताँ शहरी बूट घालून आला. हातात पुठ्ठ्याचा चपटा खोका होता, त्यात आमच्याकडचं ताटाएवढं लोण्याचं बिस्कीट. आनंद असो की दुखवटा, दोन्हीला चालतं. ओदिलने होडी आदल्या दिवशीच वर काढली होती. तिने होडी काठाला लावली, फळी टाकली आणि बाजूला झाली. सरीझ जवळजवळ धावतच आत गेली. पेंढा हुंगला, एक वळसा घेतला आणि तोंड पुढे करून उभी राहिली.

"मानलं," गाएताँ म्हणाला आणि गायीच्या पुढ्यात, होडीच्या नाकाशी जाऊन बसला.

ओदिलने दांडा गाळात रोवला. काठ मागे सरकला आणि धुक्यात विरला.

तो प्रवास अर्ध्या तासाचा असेल. त्याबद्दल गाएताँ नंतर कधी नीट बोलला नाही आणि ओदिल तर बोलतच नाही. पण नादेजने तो बघितला, कारण त्याच वेळी ती सहा पाहुण्यांना घेऊन आडव्या कालव्यातून येत होती. ती सांगते की आधी काहीच दिसलं नाही. फक्त श्वास ऐकू आला, मोठा आणि संथ, पाण्याच्याच छातीतून आल्यासारखा. मग धुक्यातून शिंगं निघाली, मग काजळी डोळे, मग पूर्ण गाय. ती पाण्यावर उभी होती आणि पाय न हलवता पुढे येत होती. तिच्याखाली, हिरव्यातल्या काळ्या फटीत, तशीच एक गाय उलटी चालली होती. पुढे कोट घातलेला एक माणूस गुडघ्यावर खोका ठेवून बसला होता. मागे दांडा धरलेली बाई होती, पण धुक्यात तिचा फक्त दांडा वर-खाली होताना दिसत होता. अॅशच्या फांद्यांवरून पाणी ठिबकत होतं. कुठेतरी कोकीळ दोनदा ओरडला आणि थांबला.

पाहुण्यांपैकी कोणी फोटो काढला नाही. दोन्ही होड्या हातभर अंतरावरून गेल्या. सरीझने त्यांच्याकडे वळून बघितलं, जसं देवळात उशिरा आलेल्यांकडे बघतात, आणि पुन्हा पुढे बघू लागली. तिची होडी धुक्यात शिरल्यावर एका बाईने हलक्या आवाजात नादेजला विचारलं, "हे पाहुण्यांसाठी ठेवलंय का?"

"नाही," नादेज म्हणाली. "हे त्यांचं घरचं आहे."

पाणमांजराच्या कुरणाला होडी लागली तेव्हा धुकं वर उचललं जात होतं. गवत गुडघाभर वाढलं होतं, पिवळी फुलं आली होती. ओदिलने फळी टाकली, उतरली, दोर हातात घेतला आणि हाक मारली.

सरीझ हलली नाही.

ओदिलने गवताची मूठ उपटून पुढे धरली. सरीझने मान लांब करून गवत घेतलं, चावलं आणि मान परत आत घेतली. ओदिलने दोर ओढला. सरीझने तोही मागे ओढला. गाएताँ मागून ढकलायला गेला तर त्याचा एक पाय होडीबाहेर पडला आणि बूट गाळातच राहिला. सरीझने मागे वळून त्याच्याकडे पाहिलं. मग पुढचे पाय दुमडले, मागचे दुमडले आणि ती पेंढ्यावर खाली बसली. अर्धे डोळे मिटून रवंथ करू लागली.

काय झालंय ते दोघांना एकाच वेळी कळलं.

"तू तिला होडीत चढायला नाही शिकवलंस," गाएताँ म्हणाला. "होडीत राहायला शिकवलंस."

ओदिलने हातातला दोर सोडला.

गाएताँला हसू आलं. तो इतका हसला की त्याला काठावर बसावं लागलं. एक पाय बुटात, एक चिखलाच्या मोज्यात. मग हसणं ओसरलं. त्याने मोजा काढून पिळला.

"ओदिल, मी थांबतो. दुपारपर्यंत थांबतो. पण होडीत राहून खाल्लेली एक मूठ मी चरणं धरणार नाही. तुलाही माहितीये."

"तुला कोणी धर म्हटलंय?"

"मग?"

"गप्प बस जरा."

ती काठावर बसली. कुरणापलीकडे शेजारच्या बेटावरचे पॉप्लर दिसत होते. वारा नसतानाही त्यांची पानं हलत होती. त्यांच्या खाली गवत नव्हतं, नुसती सावली होती. वडील असते तर तिला काय म्हणाले असते याचा अंदाज तिला होता आणि त्यात एकही शब्द पाहुण्यांसमोर उच्चारण्यासारखा नव्हता. तिने होडीकडे बघितलं. मग उठली, होडीत शिरली, गायीच्या बाजूने मागच्या टोकाला गेली आणि पेंढ्यात हात घातला.

"काय शोधतेस?"

"बूच."

"अगं, वेडी झालीस का? आपण घरी कसं जायचं?"

"घरी जायचं नंतर बघू. आधी हिला घराबाहेर काढू दे."

बूच निघालं. ती बाहेर आली आणि गाएताँच्या शेजारी बसली.

पाणी घाई करत नाही. आधी पेंढ्याचा रंग बदलला. मग एक काडी तरंगू लागली, तिच्यामागून आणखी काही. सरीझ रवंथ करत होती. पाणी तिच्या गुडघ्यांशी आलं तशी तिने रवंथ थांबवली. पोटाला लागलं तसे तिने डोळे पूर्ण उघडले. ती उठली. होडी बुडाच्या गाळावर अलगद टेकली होती, काठाची फळी अजून वर होती. सरीझने पायाखालचं पाणी हुंगलं, ओदिलकडे बघून एकदाच हंबरली, फळीवर एक पाय ठेवला आणि मग दुसरा. गवतात आल्यावर तिने चारही पाय आळीपाळीने झटकले, तोंड खाली घातलं आणि गवत तोडायला सुरुवात केली. तो आवाज, ओलं गवत तुटण्याचा, बराच वेळ कुरणावरचा एकमेव आवाज होता.

"दिसते का?" ओदिलने विचारलं.

"दिसते," गाएताँ म्हणाला.

होडी बुडालेली होती. बूच लावून पाणी उपसायचं म्हटलं तर उपसायचं लाकडी भांडं तरंगत निघून गेलं होतं. हिरव्यात त्याची काळी वाट तेवढी उरली होती आणि तीही मिटत होती. गाएताँने खिशातून फोन काढून धक्क्यावर लावला.

"बुडवली?" नादेजचा आवाज ओदिललाही ऐकू आला. "मुद्दाम? आणि गाय? चरतेय? बरं. हे बघा, आज रविवार आहे, सगळ्या होड्या बाहेर आहेत. तीनच्या पुढे येते. तोवर गवत खा."

मग करण्यासारखं काही उरलं नाही. गाएताँने खोका उघडला. बिस्कीट दोघांमध्ये गवतावर ठेवलं. आमच्याकडे ते सुरीने कापत नाहीत, मधोमध बुक्की मारून फोडतात आणि ज्याला जो तुकडा मिळेल तो त्याचा. "तू मार," ओदिल म्हणाली. त्याने मारली. मोठा तुकडा तिच्याकडे उडाला.

"लहानपणीही असंच व्हायचं," तो म्हणाला.

"लहानपणी तू रडायचास."

धुकं पूर्ण गेलं. ऊन आलं आणि पाण्यावरून उजेडाची हलती जाळी झाडांच्या बुंध्यांवर पडली. गाएताँ कोट उशाशी घेऊन आडवा झाला. काही वेळाने तो म्हणाला की याच कुरणावर काका त्याला गायीच्या पाठीवर बसवायचे. मग म्हणाला की तो मुलगा कदाचित दुसरा कोणी असेल, आपण बहुतेक स्वप्नात बघितलं. मग त्याला झोप लागली. ओदिलला लागली नाही. ती गायीकडे बघत बसली. सरीझ चरत चरत पार पलीकडच्या काठापर्यंत गेली आणि तिथून चरत चरत परत आली.

नादेज आली तेव्हा तिच्या होडीत दोन पाहुणे होते. त्यांना सोडायला वेळ नव्हता, असं ती म्हणाली. खरं म्हणजे त्यांनाच यायचं होतं. होडी काठाला लागली. तिचा तो लाकडाचा ठक्क आवाज झाला आणि सरीझने मान वर केली.

तिने होडी बघितली. तोंडातलं गवत तसंच ठेवून ती निघाली. आधी चालत, मग त्या जड, झुलत्या पळण्याने.

"अरे, अरे, ती येतेय!" नादेज ओरडली. "होडी ढकला! माझे पाहुणे आहेत आत!"

ओदिल उठेपर्यंत गाएताँ उठला होता. एका पायात बूट, केसांत गवत, तो होडी आणि गाय यांच्या मध्ये हात पसरून उभा राहिला.

"नाही! मागे! मागे हो! तुझी जागा तिकडे आहे!" तो गायीला सांगत होता. "इथे राहायचंय तुला, कळलं? इथे! ओदिल, सांग हिला काहीतरी!"

सरीझ थांबली. तो एक पाऊल पुढे आला, तशी ती एक पाऊल मागे गेली. असं करत करत त्याने तिला कुरणाच्या मध्यापर्यंत हाकललं. तिथे तिला फुलांचा एक दाट पट्टा सापडला आणि तिने पुन्हा तोंड खाली घातलं. तो तिच्याकडे तोंड करूनच, पाठमोरा चालत परत आला आणि होडीत चढला.

नादेजने दांडा घातला. थोडं पाणी मागे पडल्यावर गाएताँ म्हणाला, "पुढच्या वर्षी होडी गोठ्यात दोन दिवस ठेव. दोन. बाईसाहेब ऐकताय ना?"

"ऐकतेय, बाळा."

पाहुण्यांपैकी एक वयस्कर गृहस्थ ओदिलकडे वळले. त्यांनी विचारलं, "मादाम, म्हणजे गायी खरंच होडीतून नेतात इथे?"

"नेतात," ओदिल म्हणाली. "खरं आहे ते."